एप्रिलात अंगणात मुंज आहे, बाग आत्ता करायला घ्यावी का पावसाळ्यापर्यंत थांबावं?

गौरी नाशिककर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. आमचं नाशिकला रो हाऊस आहे, पुढचं अंगण साधारण १८ बाय २२ फूट, तोंड पश्चिमेला. कोपऱ्यात केशर आंब्याचं कलम, लावून नऊ वर्षं झाली, ह्या वर्षी मोहोर असा आलाय की पान दिसत नाही. तुळशी वृंदावन आहे, कुंपणाच्या कडेने सहा गुलाब, दोन मोगरे, एक जास्वंद (पांढऱ्या कापसासारख्या किडीने भरलेली), आणि बाकी सगळं म्हणजे मागच्या पावसाळ्यात उगवलेलं गवत जे आता वाळून काड्या झालंय.

तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात धाकट्याची मुंज आहे आणि सासूबाईंची इच्छा आहे की हॉल नको, घरच्या अंगणातच करायची. म्हणून एका लँडस्केपवाल्याला बोलावलं, त्याने अडीचशे स्क्वेअर फूट मेक्सिकन लॉन, बाकी पेव्हर ब्लॉक, दोन फॉक्सटेल पाम आणि कडेला काहीतरी लाल पानांची झुडपं असं ४८ हजारांचं कोटेशन दिलंय. ह्यांचं म्हणणं लॉनही नको, सगळीकडे पेव्हर टाकून मोकळं व्हा, झाडायला सोपं. माझा जीव तयार होत नाहीये, अंगणाला माती नको का?

अजून एक, मी संक्रांतीच्या सुमारास यूट्यूबवर बघून गुलाब गुडघ्याएवढे छाटले, त्यात सांगितलं होतं की थंडी संपताना कडक छाटणी करायची. आता शेजारच्या काकू म्हणतात की मी गुलाब मारले. पाणी नळाला सकाळी पाऊण तास, बोअर आहे पण एप्रिलमध्ये मान टाकतं. काय करू?

मातीतला माणूस
ताई, पहिला प्रश्न. मुंज अंगणात म्हणताय म्हणजे मांडव घालणार ना? मग ते मांडववाले लॉनमध्ये पहारी ठोकणार, वर सतरंज्या टाकणार, शंभर माणसं दोन दिवस त्यावर फिरणार, आचारी कोपऱ्यात गरम पाणी ओतणार. लॉन दीड महिन्याचं पोर असेल तेव्हा. मुंजीच्या तिसऱ्या दिवशी त्याचं तेरावं.

आणि पाण्याचा हिशोब करा. अडीचशे स्क्वेअर फूट म्हणजे साधारण २३ चौरस मीटर, एप्रिलच्या उन्हात गवताला एका चौरस मीटरला पाच लिटर तरी रोज लागतं, म्हणजे ११५ लिटर झाले, ते सुद्धा काटकसरीने. तुमचं बोअर त्याच महिन्यात बसतं म्हणताय. शिवाय मेक्सिकन गवताला दिवसाचं पाच-सहा तास ऊन पाहिजेच, आंब्याखाली ते विरळ होत जातं आणि दोन वर्षांत तिथे फक्त माती उरते, हे त्याने सांगितलं नसणार.

मी ३१ वर्षं शेतीच्या खात्यात काढली, माझं सरळ म्हणणं असं की आपल्याकडे नवीन झाड जमिनीत लावायचा महिना जून-जुलै. फेब्रुवारीत लावलेलं झाड मुळं पसरायच्या आधीच चैत्र-वैशाखाच्या तावडीत सापडतं, मग आपण बादल्या घेऊन त्याच्या मागे. थंडी सरताना करायची कामं वेगळी. जे आहे ते सावरायचं, छाटायचं, खाऊ घालायचं, जमीन झाकायची. आणि एप्रिल-मेमध्ये खड्डे खणून उन्हात तापत ठेवायचे, दोन बाय दोन बाय दोन फुटाचे, त्याने मातीतली कीड-बुरशी बरीच मरते. पहिला पाऊस पडायच्या आधी शेणखत, निंबोळी पेंड आणि तीच माती घालून भरायचे आणि मग लावायची झाडं.

आंब्याबद्दल वेगळं लिहितो, ते महत्त्वाचं आहे. जेवायला बोलावतायत.

मोगरावेडी
गौरीताई तुमच्या मोगऱ्यांकडे आधी बघा हो! बाकी सगळं नंतर. मोगऱ्याची छाटणी करायचे हेच दिवस आहेत. आठ-दहा दिवस पाणी तोडा, पानं जरा मलूल झाली की सगळ्या फांद्या साधारण अर्ध्यावर छाटा, वाळक्या आणि बारीक काड्या मुळापासून काढा, उरलेली पानं हाताने ओरबाडली तरी चालतात, मी तर काढतेच. मग बुंध्याभोवतीची माती हलवून दोन दिवस उन्हात उघडी ठेवायची, एका झाडाला दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि भरपूर पाणी. नवीन फूट आली की तिच्याच टोकाला कळ्या धरतात, जुन्या फांदीवर नाही, म्हणून छाटायचं. आत्ता केलंत तर मार्चअखेर कळ्या सुरू होतात आणि मुंजीला गजरे घरचे. आमच्याकडे सांगलीत माझी आजी रथसप्तमी झाली की कात्री घेऊन बसायची, तिला कॅलेंडर बघावं लागायचं नाही.

एक चूक करू नका, मोगरा सावलीत असेल तर कितीही छाटा, नुसता पाला येतो. आंब्याच्या सावलीत असेल तर मुंज झाल्यावर पावसाळ्यात हलवा.

एडिसनवाली
गौरी, गुलाबाचा तो व्हिडिओ बहुतेक आमच्याकडचा असणार 😄 मी न्यू जर्सीत आहे, आत्ता खिडकीबाहेर फूटभर बर्फ आहे. इथे गुलाब थंडीत झोपलेला असतो, म्हणून थंडी संपताना छाटतात, इथले जुने लोक सांगतात फॉर्सिथियाची पिवळी फुलं दिसली की कात्री काढा. ते म्हणजे मार्चअखेर-एप्रिल. आपल्याकडे गुलाब झोपतच नाही, आणि आपली छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, म्हणजे सगळी थंडी फुलं मिळतात. माझ्या आईने पुण्यात तसंच केलं आयुष्यभर आणि मी इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात छाटून सगळे घालवले. तुझं उलट झालं एवढंच.

माझी सध्याची बाग म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीत एक तुळस, एक कढीपत्ता (चार पानं उरलीत, रोज मोजते) आणि बाहेर बर्फात दुधाचे प्लास्टिकचे कॅन अर्धे कापून त्यात बिया पेरून ठेवल्यात, झाकण काढून टाकायचं, कॅन म्हणजे छोटं ग्रीनहाऊस, बर्फ वितळतो तसं पाणी मिळतं आणि वेळ झाली की आपोआप उगवतं. टोमॅटो-मिरची मात्र त्यात नाही, ते मार्चमध्ये घरात पेरणार. तुमचे मोहोराचे फोटो टाका प्लीज, वास तर येणार नाही पण निदान बघते.

गौरी नाशिककर
अगं हो, त्यात बाई स्वेटर घालून छाटत होती, तेव्हाच कळायला हवं होतं. म्हणजे माझे गुलाब गेले का आता? बारीक लाल फूट दिसतेय पण.

मातीतला माणूस
गेले नाहीत. लाल फूट दिसतेय म्हणजे मूळ जिवंत आहे. नाशिकला थंडी बरी असते म्हणून वाचले, विदर्भात असता तर सांगता आलं नसतं. छाटणीपासून फुलायला साधारण ४५ दिवस धरा, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला एक बहर येईल. तो उमलून गेला की लगेच हलका हात मारा, फूल आणि त्याखालची दोन-तीन पानं एवढंच, कडक नाही. त्यातून पुढचा बहर बरोबर तुमच्या मुंजीच्या आसपास. फुलं उन्हामुळे लहान आणि जरा फिकी येतील, त्याला इलाज नाही. कलमाच्या जोडाखालून येणारी रानटी फूट दिसली की मुळापासून ओढून काढा, छाटल्यावर तीच जोर करते, तिच्या एकेका पानात बहुतेक सात छोटी पानं असतात.

आता आंबा. चार गोष्टी.

मोहोर असताना पाणी देऊ नका, पाण्याने मोहोर गळतो आणि नवी पालवी फुटते. कैरी वाटाण्याएवढी झाली की मग पाणी सुरू करा, तेही बुंध्याशी नाही तर फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळं तिथे असतात.

फांदी आत्ता कापायची नाही. मांडवाला आडवी येते म्हणून मांडववाला कोयता घेऊन येईल, त्याला दारातच थांबवा. छाटणी फळं उतरवल्यावर, जूनमध्ये.

मोहोरावर हात मारून बघा, बारीक पाचरीसारखे किडे उडाले तर ते तुडतुडे. ते रस शोषतात आणि चिकट मध टाकतात, खाली गाडी लावत असाल तर काचेवर चिकट थेंब दिसतील, मग त्या मधावर काळी बुरशी धरते. थोडे असतील तर कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात थोडासा लिक्विड सोप, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर फवारा. मोहोरावर पांढरी पूड दिसली तर ती भुरी, तिच्यासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण तेल फवारल्यावर निदान दोन आठवडे गंधक मारायचं नाही, पानं करपतात. भर उन्हातही नाही. आणि मोहोर पूर्ण उमललेला असताना काहीच फवारू नका, परागीकरण माश्याच करतात, ह्यात बागवाल्यांचीही चूक होते.

चौथी, झाडाखाली पेव्हर अजिबात नाही. घेराएवढी माती उघडी राहिलीच पाहिजे.

नर्सरीवाला
काका बाकी सगळं पटलं पण लॉनवाल्यांना एवढं झोडू नका, आमचंही पोट आहे. तळेगावला आमची नर्सरी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लॉनची चादर अंथरली तर मुळं उलट लवकर धरतात कारण माती गरम व्हायला लागलेली असते, डिसेंबरात अंथरलेली तशीच पडून राहते. प्रश्न महिन्याचा नाही, पाण्याचा आणि मांडवाचा आहे. ह्या केसमध्ये मीही नाही म्हटलं असतं. पाम तर मुळीच नको, फॉक्सटेल पाम १८ फुटाच्या अंगणात लावून कोणाला काय मिळतं, ना फूल ना सावली, पाहुणे आले की "वा रिसॉर्टसारखं वाटतं" एवढंच.

ताई मी काय केलं असतं सांगतो. वाळकं गवत मुळासकट काढून जमीन सपाट करा, उतार घराकडून गेटकडे, आठ फुटाला एक इंच धरला तरी पुरतो. मधल्या मोकळ्या भागात मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस करून घ्या, मुंज त्याच्यावर मस्त होते, पायाला चिखल नाही, पहारी ठोकल्या तरी नुकसान नाही, आणि जूनमध्ये त्यातला जेवढा भाग हिरवा करायचा तेवढा उकरून माती भरता येते. गेटपासून दारापर्यंत शहाबादी फरशीची साडेतीन फुटी वाट, फरश्या सिमेंटमध्ये न बसवता वाळूवर, मध्ये चार-चार बोटं अंतर. पावसाळ्यात त्या फटींत हरळी आपोआप येते, तीच कापत राहायची, ते लॉनपेक्षा छान दिसतं असं माझं प्रामाणिक मत (गिऱ्हाइकाला सांगत नाही). मुंजीच्या आठवड्यात त्या फटींत वाळू भरून घ्या, नाहीतर आज्यांचे पाय मुरगळतील.

सगळीकडे पेव्हर म्हणाल तर पश्चिमेचं तोंड आहे, दुपारी तीनपासून तो पेव्हर तापेल आणि रात्री नऊपर्यंत ती धग घरात येईल. साहेबांना एकदा पेव्हरवाल्या कुठल्याही सोसायटीत मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता अनवाणी उभं करा.

अजून एक, लोक हमखास विसरतात. वाट करायच्या आधी तिच्या खालून दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आडवा टाकून ठेवा. पुढे ठिबकची नळी किंवा लाइटची वायर न्यायची झाली तर फरशी उखडावी लागत नाही.

गच्चीवरचा शेतकरी
मुंजीला शोभेसाठी जमिनीत काही लावूच नका, कुंड्यांत करा, हलवता येतं. आजपासून मोजा, तिसऱ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ ७५ दिवस आहेत. झिनिया पेरणीपासून ५५-६० दिवसांत फुलतो आणि ऊन जेवढं जास्त तेवढा खूश, म्हणजे पंधरा फेब्रुवारीपर्यंत पेरला की झालं. झेंडूचं रोप आत्ता ट्रेमध्ये टाका, महिन्याने कुंडीत, रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा म्हणजे बाजूला फुटतं, एप्रिलात तोरणापुरता निघतो. उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी येतो, पानं भुरकट दिसायला लागली की पानांच्या खालून रोज पाण्याचा फवारा जोरात मारा, निम्मा प्रश्न सुटतो. ऑफिस टाइमच्या (पोर्टुलाका फुलझाड) नुसत्या काड्या खोचा, कुणाकडूनही मिळतात. फक्त लक्षात ठेवा, ती फुलं दुपारनंतर मिटतात, मुहूर्त सकाळचा असेल तर ठीक 😀

पिटुनिया, पॅन्झी वगैरे नर्सरीत आता स्वस्तात काढायला लागलेत, मोहात पडू नका, ते थंडीचे पाहुणे, मार्चच्या मध्यावर माना टाकतात.

आणि पश्चिमेचं तोंड आहे तर एक सुचवतो. हॉलच्या खिडकीपुढे बांबूचा साधा मांडव करून दोडका नाहीतर दुधी आत्ता पेरा, दोन मोठ्या ग्रो बॅग पुरतात. एप्रिलपर्यंत वेल वर जाऊन खिडकीवर सावली धरतो आणि भाजी वेगळी. मी ठाण्याला गच्चीवर पाच वर्षं करतोय, खालच्या खोलीत फरक हाताला कळतो. फळमाशीसाठी क्यू ल्युअरचा (नर माशीला ओढणारं आमिष) सापळा एकच लावा, नाहीतर दोडके आतून सडतात आणि आपल्याला कापल्यावर कळतं. भेंडी-गवारही हेच दिवस, भेंडीचं बी रात्रभर भिजवून.

गौरी नाशिककर
किती लिहिलंत सगळ्यांनी, ह्यांना बसवून वाचून दाखवलं. अनवाणी उभं करायच्या वाक्यावर हसले पण पेव्हरचा हट्ट अर्धा उतरलाय, "गाडीच्या चाकांखाली तरी दोन पट्ट्या टाकू" इथपर्यंत आलेत. जास्वंदीचं कोणी बोललं नाही. आणि गळलेला पालापाचोळा रोज पोतंभर निघतो, बदाम आणि पिंपळ शेजारी आहेत, आमची बाई तो गेटबाहेर जाळते, त्याचा धूर घरात.

मोगरावेडी
जाळू नका हो!! तोच तर खजिना. पानगळीचा पाला म्हणजे फुकटचं आच्छादन. झाडांच्या आळ्यात दोन-तीन इंच जाड थर पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा नाहीतर खोड कुजतं किंवा वाळवी लागते. पाणी निम्म्याने कमी लागतं हा माझा अनुभव. उरलेला कोपऱ्यात जाळीच्या गोल पिंपात भरा, मधून मधून शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा, पुढच्या वर्षी काळं सोनं. बदामाची पानं जाड असतात ती हाताने चुरून टाका, अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून पाणीच आत जात नाही.

जास्वंदीवर तो पिठ्या ढेकूण. सगळ्यात भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नाही. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, मग कडुनिंब तेल आणि साबण, आठ-आठ दिवसांनी तीनदा. मुंग्या असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच त्याला फांदीवरून फांदीवर नेतात, मधासाठी पाळतात म्हणे, गवळी जशी म्हैस.

मातीतला माणूस
पाल्यावरून आठवलं, कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर ह्यांनी घरच्या पाल्यापासून आणि उसाच्या चिपाडापासून माती करून छोट्या जागेत पीक घेण्याचे प्रयोग लोकांकडून करवून घेतले, गणिताचे प्राध्यापक होते पण शेतकऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्याविषयी खूप ऐकायला मिळायचं. तुमच्याकडे कोपऱ्यावर रसवंती असेलच, तिच्याकडून चिपाड आणा, तो फुकट देतो, उलट उपकार मानतो.

जीवामृत करायचं असेल तर घरगुती माप, २० लिटर पाणी, किलोभर ताजं देशी गाईचं शेण, लिटरभर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, आंब्याखालची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, तीन-चार दिवसांत तयार, दहापट पाणी घालून आळ्यात द्यायचं. मुंजीच्या आठवड्यात देऊ नका, वास येतो, सोवळ्यातल्या बायका विचारतील काय आहे म्हणून.

बोअरचं म्हणालात तर धुण्याच्या मोरीचं पाणी कुठे जातं बघा. ते गटारात जात असेल तर वळवून कर्दळ, अळू आणि एखादी केळ लावा, ही तीन झाडं सांडपाण्यावरच मोठी होतात, आपल्या जुन्या घरांत मोरीच्या मागे हीच असायची. झाडं जमिनीत आत्ता नको म्हटलं त्याला हा अपवाद, कारण इथे पाणी बारा महिने.

नर्सरीवाला
जूनसाठी माझी यादी. पश्चिमेच्या कोपऱ्यात कलमी सोनचाफा, बियाचा नाही, बियाचा फुलायला वर्षानुवर्षं घेतो. कुंपणाला तगर नाहीतर कामिनी, आंब्याच्या सावलीत हळद आणि फर्न. पांढरा चाफा हवा असेल तर तो मात्र ह्याच दिवसांत, तो आत्ता निष्पर्ण आहे, हातभर फांदी कापून आठ-दहा दिवस सावलीत वाळत ठेवा, चीक सुकला की वाळू-मातीच्या कुंडीत खोचा, पाणी अगदी बेतानं. पैसे नको, शेजारी मागा.

गौरी नाशिककर
चाफा शेजारच्या काकूंकडेच आहे. म्हणजे "गुलाब मारलेस" म्हणणाऱ्या त्याच. आज संध्याकाळी फांदी मागायला जाणार आहे, गुलाबाची लाल फूट दाखवायला त्यांनाही इकडे घेऊन येते. लँडस्केपवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, तो म्हणाला मॅडम निदान पाम तरी घ्या.